मे महिन्यात ही गाडी कशी स्टार्ट व्हायची?

गंगाखेड तालुक्यातल्या एका शिक्षक वाचकाचं लांबलचक पत्र आलंय. नाव-गाव गाळून त्यातला मजकूर थोडक्यात असा:

‘वडिलांनी 2005 साली घेतलेली डिझेल इंडिका आमच्याकडे आहे. वडील तीन वर्षांपूर्वी गेले. गाडी दोन लाख दहा हजार किलोमीटर चालली आहे. दिवाळीनंतर ती सकाळी स्टार्ट व्हायला त्रास देऊ लागली. तीन-चार वेळा लांब सेल्फ मारला की पांढरा धूर सोडत, थरथरत चालू होते आणि मिनिटभरात सुरळीत होते. मग दिवसभर तक्रार नाही. आईला महिन्यातून दोनदा अंबाजोगाईला दवाखान्यात न्यावं लागतं, परळीच्या पुढचा घाट गाडी पूर्वीसारखीच चढते. आमच्या उस्तादांनी धूर पाहूनच सांगितलं की कॉम्प्रेशन गेलंय, इंजिन उतरवावं लागेल, पंचावन्न हजार खर्च येईल. पुण्याचा भाऊ म्हणतो, भंगारात घाल. मला वाटतं, उस्ताद फसवतायत. व्हिडिओ पाहून मी गाडीतले दोषाचे कोड वाचणारा एक स्कॅनर मागवला, पण तो लावायला गाडीत जागाच सापडेना. दोष घरीच शोधून उस्तादांना दाखवून द्यायचाय. सुरुवात कुठून करू?’

सर, सुरुवात एका प्रश्नाने करू. मे महिन्यात ही गाडी कशी स्टार्ट व्हायची?

तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो ‘दिवाळीनंतर’ हा शब्द, आणि तुम्ही तो जाता जाता लिहून टाकलाय. आपल्याकडचा उन्हाळा सगळ्यांच्या लक्षात राहतो, थंडी विसरली जाते. परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या नोंदी बघा, डिसेंबर-जानेवारीत एखाद्या पहाटे पारा पाच अंशांच्याही खाली गेलेला दिसेल. मे महिन्यात मध्यरात्रीसुद्धा इंजिनचं लोखंड कोमट असतं. तीच गाडी, तेच इंजिन, पण सकाळी सहाला त्याच्यापुढचं काम फार वेगळं असतं.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते हे तुम्हाला माहीतच असेल. सायकलीत हवा भरताना पंपाचं खालचं टोक गरम होतं ना, तेच तत्त्व. हवा दाबली की तापते. हे दाबणं म्हणजेच उस्तादांचं ‘कॉम्प्रेशन’. तुमच्या इंजिनात ती साधारण बावीसपट दाबली जाते, पेटत्या निखाऱ्याइतकी तापते आणि त्यात डिझेलचा फवारा गेला की आपोआप भडकतो. थंडीत सिलिंडरच्या गार भिंती ही उष्णता पिऊन टाकतात. म्हणून तुमच्यासारख्या जुन्या बनावटीच्या इंजिनाला प्रत्येक सिलिंडरमागे एक हिटर प्लग दिलेला असतो, चहाचं पाणी तापवायच्या कॉइलचा धाकटा भाऊ म्हणा. उन्हाळ्यात चारही हिटर मेलेले असले तरी गाडी चालू होते आणि कुणाला पत्ता लागत नाही. दिवाळीनंतर लागतो.

आता उस्तादांकडे येऊ. मी आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकची पोरं शिकवली. त्यातली निम्मी आज कुठे ना कुठे उस्ताद म्हणून बसली आहेत, त्यामुळे माझा कल त्यांच्याकडे थोडा असणार, हे आधीच कबूल करतो. पण फसवणं आणि अंदाज बांधणं यात फरक आहे. सकाळी उशिरा स्टार्ट, पांढरा धूर, थरथर, तापल्यावर सगळं ठीक, ही लक्षणं कॉम्प्रेशन कमी झाल्याचीसुद्धा असतात. दोन लाख दहा हजार किलोमीटर ऐकून कुणाच्याही मनात हेच येईल. दवाखान्यात नाही का, साठीच्या माणसाने छातीत दुखतं म्हटलं की डॉक्टरच्या मनात आधी हृदयच येतं. पण चांगला डॉक्टर ईसीजी काढल्याशिवाय चिरफाड करत नाही. उस्तादांचा अंदाज खोटा नाही, मोजमापाविना केलेला आहे, एवढंच माझं म्हणणं.

आणि तुमच्या बाजूनेही एक गोष्ट राहिलीय. गाडी ऑइल किती खाते? चार पानी पत्रात हे कुठेच नाही. पिस्टनच्या रिंगा आणि बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, झिजली की गाडी ऑइल पिते, तापल्यावरही निळसर धूर देते, चढाला धापा टाकते. तुमची गाडी घाट पूर्वीसारखा चढते म्हणता, ही इंजिनच्या बाजूने मोठी साक्ष आहे. तिच्या जोडीला डिपस्टिकची, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीची, साक्ष हवी. आज सपाट जागेवर, इंजिन गार असताना ऑइलची पातळी बघून लिहून ठेवा, हजार किलोमीटरनंतर पुन्हा बघा.

तर ‘दाखवून द्यायचं’ हे डोक्यातून काढा. घरी करायचं ते निदान, तेही अर्धंच. बाकीचं अर्धं करायला तोच उस्ताद लागणार आहे. उद्या आईला घेऊन जाताना गाडी रस्त्यात बंद पडली, तर फोन कुणाला कराल?

यासाठी तुम्हाला काही सकाळी लागतील. नियम एकच, एका सकाळी एकच बदल. व्हिडिओ पाहून शिकलेली माणसं एका रविवारी फिल्टर बदलतात, हिटर बदलतात, बॅटरीही नवी टाकतात. गाडी सुधारते, पण कशामुळे ते कधीच कळत नाही.

पहिल्या सकाळी काहीच बदलू नका, फक्त बघा. घरातल्या कुणाला तरी चावी फिरवायला बसवा आणि तुम्ही सायलेन्सरजवळ, जरा बाजूला उभे राहा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. सेल्फ फिरत असताना, म्हणजे इंजिन पेटण्याच्या आधी, सायलेन्सरमधून धूर येतो का? तुम्ही चालू झाल्यावरच्या धुराबद्दल लिहिलंय, मला त्याआधीचा हवाय. आमच्या वर्कशॉपमध्ये पोरांना पहिल्या महिन्यात हे शिकवायचो. सेल्फ फिरताना डोळ्यांना झोंबणारा, डिझेलच्या वासाचा पांढरा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतंय, फक्त जळत नाही. मग दोष उष्णतेचा, म्हणजे हिटर, सेल्फचा वेग, कॉम्प्रेशन नाहीतर टायमिंग, म्हणजे डिझेल फवारण्याची वेळ. धूर अजिबात येत नसेल तर डिझेलच पोचत नाही. मग इंजिन उतरवायची गोष्ट तूर्त बाजूला ठेवा आणि डिझेलच्या वाटेने चला. पंचावन्न हजारांचा प्रश्न सायलेन्सरमागे दहा सेकंद उभं राहिल्याने निम्मा सुटतो. थंडीत चालू गाडीतून पाण्याची वाफही निघते, ती पटकन विरते. डिझेलचा धूर अंगणात रेंगाळतो. गेटबंद पोर्चमध्ये हे करू नका, गाडी आदल्या रात्रीच उघड्यावर लावून ठेवा.

त्याच वेळी बॅटरीवर मल्टिमीटर धरायला तिसरा माणूस मिळाला तर उत्तम. तीन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो, तुमच्या स्कॅनरपेक्षा तो जास्त उपयोगी. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर साडेबाराच्या वर व्होल्ट हवेत, 12.6 म्हणजे भरलेली. सेल्फ फिरताना ते दहाच्या खाली फारसे जाऊ नयेत. नऊवर घसरत असतील तर सेल्फ मंद फिरतो, आणि डिझेलमध्ये मंद फिरणं म्हणजे हवा कमी तापणं. बॅटरी चांगली असूनही सेल्फ सुस्त वाटला तर इंजिनला जोडलेली अर्थची पट्टी बघा. वीस वर्षांत तिच्या टोकाला हिरवट गंज चढतो. काढून, घासून लावली की पैसे न खर्चता काम होतं. टर्मिनल सोडताना आधी निगेटिव्ह, जोडताना निगेटिव्ह शेवटी.

धूर येत असेल तर दुसऱ्या सकाळी हिटरची परीक्षा. चावी ऑन करा, हिटरचा दिवा विझेपर्यंत थांबा, चावी बंद. असं तीनदा करून मग सेल्फ मारा. लगेच उचलली तर हिटर अशक्त आहेत. फरक पडला नाही तर मात्र हिटर निर्दोष सुटले असं समजू नका. चारही मेलेले असतील किंवा त्यांना करंट देणारा रिले गेला असेल, तरी फरक पडणार नाहीच. म्हणून बोनट उघडून बघायचं. हिटरांना जोडणारी एक पट्टी असते. ब्लिंकरचा जुना बल्ब दोन वायरींना जोडून घ्या, एक टोक पट्टीला, दुसरं इंजिनच्या स्वच्छ लोखंडाला. चावी ऑन केल्यावर काही सेकंद बल्ब लख्ख पेटायला हवा. नाही पेटला तर फ्यूज आणि रिले. पेटला तर चावी बंद करून पट्टी काढा, आता बल्बचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरं एकेका हिटरच्या डोक्याला. ज्याच्यावर बल्ब पेटत नाही तो हिटर मेला. पट्टी न काढता तपासलंत तर चारही एकमेकांची साक्ष देतात आणि मेलेलाही जिवंत वाटतो. चावी ऑन असताना पट्टी बॅटरीच्या थेट करंटवर असते, पाना तिला आणि बॉडीला एकदम टेकू देऊ नका.

दोन हिटर मेले की गाडी सकाळी दोन सिलिंडरवर उठते, थरथरते, न जळलेलं डिझेल पांढऱ्या धुरातून फेकते, मिनिटभरात आतले सिलिंडर तापले की चौघं कामाला लागतात. तुमचं वर्णन याच्याशी इतकं जुळतं की मी पैज लावली असती, पण पैज हीसुद्धा मोजमापाविनाच. आणि हिटर सापडला मेलेला, तरी तो स्वतः उपटायला जाऊ नका. वीस वर्षं हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणात, बसलेला हिटर अर्ध्यात तुटतो, आणि मग हेड खरंच उतरवावं लागतं. शोधायचं तुम्ही, काढायचं उस्तादांनी, इंजिन गरम करून, हळूहळू.

धूर येत नसेल तर दुसरी सकाळ वेगळी. स्टार्ट करायच्या आधी डिझेल फिल्टरच्या डोक्यावरचा हातपंप कडक होईपर्यंत दाबा, मग सेल्फ. एका दमात उचलली तर रात्रभरात डिझेल टाकीकडे परत उतरतंय, म्हणजे वाटेत कुठेतरी हवा शिरतेय. ‘गाडीने एअर धरली’ म्हणतात ते हेच. मजा अशी की डिझेल बाहेर गळेलच असं नाही. ओढणाऱ्या नळीत भेग असली तर ती हवा आत घेते, थेंब बाहेर टाकत नाही. फिल्टर ते डिझेल पंप यामधली रबरी नळी काही दिवसांपुरती पारदर्शक नळीने बदला, आणि इंजिन चालू असताना बुडबुडे दिसतात का बघा. आपल्या मेच्या उन्हात बोनटखालचं रबर खारकेसारखं सुकतं, त्यामुळे भेगा नेहमी क्लॅम्पच्या कडेला सापडतात. नोझलवरच्या, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या तोट्यांवरच्या, बारीक परतीच्या नळ्याही हात फिरवून बघा, ओलसर लागल्या तर बदला. हात फिरवायचा तो इंजिन बंद असताना. तोवर एक जुगाड: गाडी उतारावर, तोंड खाली करून उभी करा. सकाळी पटकन चालू झाली तर तोही पुरावाच.

फिल्टरच्या तळाचा स्क्रू सोडून वाटीभर डिझेल काचेच्या बरणीत काढा, तासभर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर ते पाणी. पावसाळ्यानंतर हे हमखास सापडतं. आणि डिझेल पंपावर एक सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारा कॉक, असतो, चावी ऑन केली की तो ‘टक’ असा वाजतो. वाजत नसेल तर डिझेलचं दारच उघडत नाहीये. त्याची वायर नुसती सैल असल्याने गाडी टो करून नेलेली मी पाहिली आहे. नेणारा मीच होतो.

आता पाणी. याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मराठवाड्यात जुन्या गाडीची निम्मी दुखणी रेडिएटरमध्येच असतात. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा माणसांनाच प्यायला नव्हतं, गाडीला कूलंट कोण घालणार? बोअरवेलचं खारं पाणी ओतत राहिलो आपण सगळे. बोअरच्या पाण्याने घागरीला जो पांढरा थर चढतो, तोच हेडच्या आतही चढतो, मग गाडी तापते आणि हेड गास्केट, म्हणजे हेडखालचं पॅकिंग, जातं. पांढऱ्या धुराचं तेही एक कारण आहे. पण तो धूर गाडी तापल्यावरही थांबत नाही, त्याचा वास गोडसर असतो आणि कूलंट कमी होत जातं. गार इंजिनवर सकाळी टोपण उघडून पातळी बघा. चालू केल्यावर मिनिटभरात वरचा होजपाइप दगडासारखा कडक होतो का, ऑइलच्या टोपणाखाली कॉफीच्या फेसासारखा थर आहे का, हेही बघा. गरम रेडिएटरचं टोपण कधीही उघडू नका. भाजलेले हात मी वर्गातच बघितलेत.

ऑइलचं टोपण काढून चालू इंजिनवर उलटं ठेवायचं आणि नाचतं का बघायचं, हा प्रयोग तुम्ही व्हिडिओत पाहिला असेलच. करा, पण त्यावर निकाल देऊ नका. डिझेलमध्ये टोपण थोडं थरथरतंच. भकाभका धूर फेकून ते उडवून दिलं तर काळजी.

काही गोष्टी मुळीच करू नका. हवेच्या नळीत पेट्रोलचा बोळा किंवा स्टार्टिंग स्प्रे नको. ट्रॅक्टरवाले करतात, पण तुमच्या इंजिनात हिटर तापलेले असताना तो स्फोट आहे, पिस्टन फोडतो. धक्का देऊन रोज स्टार्ट करू नका. आणि नोझलचा पाइप सैल करून सिलिंडर ‘कट’ करून बघण्याचा प्रकार उस्तादांसाठी ठेवा. फवाऱ्याचा दाब शंभर बारच्या वर असतो, तो कातडीत घुसतो, वरून टाचणीएवढं भोक दिसतं आणि आतून बोट सडतं. असं झालं तर दुखत नसलं तरी थेट सर्जनकडे जायचं.

हे सगळं करूनही दोष सापडला नाही, म्हणजे बॅटरी ठीक, हिटर ठीक, एअर नाही आणि सेल्फ फिरताना धूर येतोय, तर उस्तादांचं पारडं जड होतं. आता त्यांना सांगा, कॉम्प्रेशन गेज लावा. उस्तादांकडे नसेल तर पंप-नोझलच्या दुकानात मिळेल, ज्याला जुने लोक अजूनही ‘मायकोवाला’ म्हणतात. पेट्रोल गाडीचा गेज चालत नाही, डिझेलचा वेगळा असतो, हिटरच्या किंवा नोझलच्या भोकात बसतो. इंजिन कोमट, बॅटरी भरलेली, आणि चारही सिलिंडरचे आकडे कागदावर. अशा इंजिनात निरोगी आकडा साधारण 25 ते 30 बारच्या घरात असतो, पण त्याहून महत्त्वाचा चौघांमधला फरक. तिघं सारखे आणि एकच पाच-सहा बारने खाली असेल तर आधी टॅपेट, व्हॉल्व्ह आणि गास्केट बघायचं, बोअर नंतर. चौघंही खाली असतील तर टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला ते विचारा. एखादा दात सरकला की व्हॉल्व्हची वेळ चुकून आकडे खाली येतात, डिझेलही उशिरा फवारलं जातं आणि तोच पांढरा धूर येतो. बेल्ट कधी बदलला हे घरात कुणालाच आठवत नसेल, तर बाकी काहीही निघो, तो आधी बदला. तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात.

आणि बेल्टही जागेवर निघाला, चौघंही खालीच, तर उस्ताद बरोबर होते. जाऊन तसं सांगा.

भावाचं म्हणणंही उडवून लावू नका. पंचावन्न हजार घालायच्या आधी आरसीवरची तारीख बघा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांनी वाढवतात, शिवाय पर्यावरण कर. 2005 ची गाडी म्हणजे ही पाच वर्षंही सरली असणार. चासी गंजलेली असेल, नोंदणी वाढणं अवघड असेल, तर चांगल्या इंजिनालाही अर्थ नाही. उलट मेलेले दोन हिटर निघाले आणि कागदपत्रं चोख असली, तर ही गाडी आईला आणखी काही वर्षं घाट चढवेल. पण ती वडिलांची आहे म्हणून खर्च करायचा असेल तर तसं स्पष्ट म्हणा, ‘फायद्याचं आहे’ असं स्वतःला पटवू नका. वडिलांच्या गाडीवर खर्च करायला कारण लागत नाही, फक्त बजेट लागतं. आणि निदान होईपर्यंत आईच्या दवाखान्याच्या दिवशी दुसऱ्या गाडीची सोय ठेवा. प्रयोगाच्या सकाळी वेगळ्या, दवाखान्याच्या वेगळ्या.

राहिला स्कॅनर. तो लागला नाही यात तुमची चूक नाही. तुमच्या इंजिनचा रोटरी पंप पूर्ण यांत्रिक आहे, त्यात विचारायला कॉम्प्युटरच नाही. कॉमन रेल इंजिनच्या, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच सामाईक नळीतून कॉम्प्युटरच्या हुकमाने डिझेल देणाऱ्या, गाड्या ज्या वाचकांकडे आहेत, त्यांचं गणित वेगळं. तिथे स्कॅनर उपयोगी पडतो, पण तो दोष सांगत नाही, तक्रार सांगतो. पी-0087 हा कोड आला म्हणजे रेलमधला दाब कमी पडतोय. फिल्टर तुंबलाय, पंप थकलाय की इंजेक्टर परत जास्त डिझेल सोडतोय, हे आपणच शोधायचं. फिल्टर बदलून बघा, मग चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्यांना सारख्या बाटल्या लावून कुणाची बाटली लवकर भरते ते मेकॅनिकसमोर बघा. त्या इंजिनात जाड पाइपच्या नटला मात्र चालू असताना हातही लावायचा नाही, तिथे दाब हजार बारच्या वर जातो.

तुमच्या भावाची पुण्यातली गाडी डिझेलची आणि अलीकडची असेल, तर स्कॅनर त्याला देऊन टाका. भंगाराचा सल्ला देणाऱ्याच्या गाडीत किती कोड निघतात, तेही एकदा बघायला हरकत नाही.